केमिस्ट्रीत पहिला

सत्त्याण्णव साली विरारच्या आमच्या कॉलेजात एफवायच्या केमिस्ट्रीत अर्धा वर्ग उडाला. पास कसं व्हायचं, यावर कॅन्टीनमध्ये प्रत्येकाचं वेगळं मत. कुणी म्हणे अंधेरीचा क्लास लावा, कुणी म्हणे गाइड पाठ करा. सुरुचीने दोन्ही केलं होतं, तरी ती दुसरी आली. पहिला आला चांदीप गावचा जितेश. त्याला ना क्लास, ना गाइड. सुरुचीचा नुसता जळफळाट झाला. शेवटी न राहवून तिने त्याला गाठलंच.

"खरं सांग जितेश, तुला केमिस्ट्री कोण शिकवतं?"

जितेश लाजला. "तूच की. लेक्चर संपलं की तू तुझ्या मैत्रिणीला, पूर्वीला, सगळं परत समजावतेस ना, तेव्हा मी मागच्या बाकावर बसून ऐकतो. सरांचं डोक्यावरून जातं गं, तुझं बरोबर कळतं. थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं."

"थँक्यू कसलं त्यात!" सुरुची हसून म्हणाली.

 

दुसऱ्या दिवशी लेक्चरनंतर ती इतक्या हळू आवाजात समजावू लागली, की शेजारी बसलेल्या पूर्वीलासुद्धा नीट ऐकू येईना.