नदी पार होईपर्यंत

"सात मिनिटं, अका," थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणत लोबारने जोराकुलला मंचाच्या पायरीवरच अडवलं. कानाला यंत्र, हातात कार्यक्रमाचे कागद. सकाळपासून माणसं मंचावर चढवायची आणि उतरवायची, हे काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

"पत्रात अर्धा तास लिहिलाय, बहिणी."

"लिहिलाय हो. पण पाहुण्यांची भाषणं! एकजण डाळिंबावर पाऊण तास बोलला. पोतंभर डाळिंबं सोलून झाली असती तेवढ्यात. तुम्ही असं करा, आधीचं सगळं सोडा आणि सरळ नदीपासून सुरू करा."

जोराकुलने आपला दोन तारांचा दोंबिरा छातीशी धरला आणि मैदानाकडे पाहिलं. खड्ड्यांतल्या भट्ट्यांमधून मटण निघत होतं, धुरासकट. शरदाच्या जत्रेला अख्खं बायसून गाव लोटलं होतं. पहिल्या रांगेत त्याचे उस्ताद, एशमिर्झा-बाबा, उशीला टेकून बसले होते. लेक सनोबर त्यांना धरून होती. इस्पितळातून दोन तासांची परवानगी काढून तिने त्यांना आणलं होतं.

अकरा वर्षं तो त्यांच्यापाशी एकच कथा शिकत होता. सगळी त्यांनी प्रसंगाप्रसंगाने ऐकली, दुरुस्त केली, पुन्हा म्हणायला लावली. शेवटचा नदीचा प्रसंग तेवढा राहिला होता. "तो घरात गायचा नाही. चार लोकांत गा, मी ऐकेन आणि मग दुआ देईन," असं ते म्हणत आले. ती दुआ मिळेपर्यंत या डोंगरात त्याला कोणी बख्शी, म्हणजे अख्खी कथा गाणारा गायक, म्हणणार नव्हतं. लग्नात दोन गाणी म्हणणारा जोराकुल, एवढीच त्याची ओळख. आणि डॉक्टरांनी बाबांचा आता हाच आठवडा म्हटलं होतं.

तो मांडी घालून बसला. नदीपासून सुरू करायचं, हे त्याने पायऱ्या चढतानाच ठरवलं होतं. पण समोर उस्ताद बसलेले! ज्यांनी शिकवलं त्यांच्यापुढे आधी सभेला नमस्कार, गुरूचं नाव, मग "काय गाऊ, सांगा" हे विचारणं, एवढं केल्याशिवाय कथेत पाय टाकायचा नसतो. पाय टाकला तर तो उद्धटपणा. बोटं आपोआप नमस्काराकडेच वळली. घशाच्या तळातून तो खरखरीत आवाज निघाला आणि मागची मटणवाली माणसंसुद्धा गप्प झाली.

नमस्कार संपला तेव्हा समोरच्या पाटीवर लाल आकड्यांत दोन मिनिटं उरली होती. त्याने तारा झपाट्याने छेडल्या आणि कथेच्या नायकाचा, गुलमत बेगचा, घोडा पुरात घातला. पाणी खोगिरापर्यंत आलं. पलीकडच्या काठावर गुलमतची आई उभी राहिली. तिने हाक मारली, आणि घोड्याने मान वर—

ध्वनिक्षेपक बंद झाला. त्याच क्षणी चारी कोपऱ्यांतून ढोल सुरू झाले आणि डाळिंबांच्या परड्या घेतलेल्या वीस मुली मंचावर आल्या. जोराकुल गातच राहिला. स्वतःचाही आवाज त्याला ऐकू येत नव्हता. मुली त्याला वळसा घालून नाचू लागल्या.

लोबारने कोपराला धरून त्याला उठवलं. "माफ करा अका, माझ्या हातात काही नाही हो." तिचे डोळे भरले होते. मैदानाने भरभरून टाळ्या वाजवल्या. ते त्याला सर्वांत जास्त लागलं.

तो धावतच खाली आला. तिथेच उभं राहून गावं, कानाशी लागून गावं, काहीही करून घोडा पलीकडे न्यावा. पण एशमिर्झा-बाबांची मान छातीवर कलली होती.

"नमस्कार ऐकला त्यांनी," सनोबर हळूच म्हणाली. "हसले पण. मग दुखण्याच्या गोळीने डोळा लागला. मी हलवलं रे, नाही उठले."

ढोलाचा एक टोला जोरात पडला आणि बाबांनी डोळे उघडले. थोडा वेळ ते जोराकुलकडे ओळख पटवत बघत राहिले.

"झाला का पार?"

जोराकुलने तोंड उघडलं.

"झाला ना, बाबा," सनोबर घाईने म्हणाली. "टाळ्या ऐकल्या नाहीत? सगळं मैदान उठून उभं राहिलं."

"काय सांगतेस! आणि मी मेला झोपलो." बाबा पोरासारखे हसले. "पण टाळ्या झोपेतही ऐकल्या. एवढ्या मला कधी मिळाल्या नाहीत. ये, बस असा."

"उस्ताद, ऐका ना, मी—"

"गप. आता माझी पाळी." त्यांनी दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर उचलले.

वडीलधाऱ्याने तळवे उचलले की शेजारच्याने विचारत बसायचं नसतं. सनोबरने उचलले. मागच्या रांगेने हातातल्या मटणाच्या ताटल्या मांडीवर ठेवून उचलले. मंचाच्या पायरीवर लोबारने कागद काखेत धरले आणि तिनेही उचलले.

"हा जिथे बसेल तिथे लोक याच्याभोवती बसू देत," बाबा थांबत थांबत म्हणाले. "याची कथा कुणी अर्ध्यावर तोडू नये. आजपासून हा बख्शी आहे."

मग ते थांबले. शिष्याने आमीन म्हटल्याशिवाय दुआ पुरी होत नाही. त्यांचे हात अजून वरच होते, सनोबर डोळ्यांनी विनवत होती, सगळे जोराकुलकडे बघत होते. घोडा अजून पुरातच होता. त्याची दोन्ही मनगटं दोंबिऱ्यावर होती, आणि काही केल्या ती उचलली जात नव्हती.