हुट्सपॉटची पहिली पंगत

बटाटे, गाजर आणि कांदे एकाच पातेल्यात मऊ शिजले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच मिरजेच्या घरी आलेली डच सून फेम्के लोणी घालून ते पावभाजीच्या मॅशरने घोटत होती. "आमच्याकडे याला हुट्सपॉट म्हणतात," ती जपून जपून मराठीत म्हणाली.

हेमलताबाईंनी चव पाहिली. मीठ आणि मिरी, बस्स! बाहेर त्यांची नणंद जेवायला येऊन बसली होती, आणि प्रमिलावन्सं आजवर कुठल्याच सुनेच्या हातचं नावं न ठेवता जेवल्या नव्हत्या. फोडणीसाठी हेमलताबाईंचा हात आपसूक मोहरीच्या डब्याकडे गेला. फेम्केचं घोटणं थांबलं.

हेमलताबाईंना आपलं या घरातलं पहिलं पुरण आठवलं. सासूबाईंनी न विचारता त्यात गूळ वाढवला होता, आणि त्या दिवशी वाहवा सासूबाईंचीच झाली होती. त्यांनी डबा परत मांडणीवर ठेवला. "असंच वाढ," त्या म्हणाल्या. "हे तुझं आहे."

पानातल्या केशरी गोळ्याकडे वन्सं क्षणभर बघत राहिल्या. एक घास घेतला, मग दुसरा. "वहिनी, ही नवी कवळी टोचते म्हणून पंधरा दिवस नुसत्या पेजेवर आहे मी. आज कुठे पोटभर जेवतेय. वाढ गं पोरी, अजून वाढ!"

फेम्केने वाढलं आणि हळूच विचारलं, "आई, पोरी म्हणजे?"

"आपली मुलगी," हेमलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचंही ताट पुढे केलं.