पर्सवरची सही

फॉर्मवर छापलं होतं: ‘दुखत असल्यास न खेळणे हा खेळाडूचा हक्क आहे.’ खाली पालकांची सही हवी होती. आईने फॉर्म पर्सवर ठेवून सही ठोकली. पर्समध्ये डॉक्टरांची चिठ्ठी होती, सहा आठवडे विश्रांतीची. एवढी निवड चाचणी होऊ दे, मग लोळ म्हणावं महिनाभर! पोरीच्या घोट्याला तिनेच पट्टी आवळून वर मोजा चढवला होता. “दुखतंय का गं?” सरांनी विचारलं. पोरीने आईकडे पाहिलं. आईने डोळे वटारले. “नाही सर.” सरांची नजर मोज्याच्या फुगवट्यावर थबकली, पण उंच उडीला त्यांच्याकडे दुसरी होती कोण? त्यांनी शिट्टी फुंकली. तिसऱ्या उडीला घोटा काडकन वाजला. आईने धावत जाऊन पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. “बोल बाळा, कुठे दुखतंय?” पांढऱ्याफटक पडलेल्या पोरीने आधी आईच्या डोळ्यांत पाहिलं. “नाही दुखत.”