मायचं माहेरचं नाव
धुळ्यात आबा जेवायला बसणार तोच सिंगापूरहून लेकीचा फोन आला. "आबा, पर्स चोरी गयी, चोर कार्डवर खरेदी करी ऱ्हायना! मायनं माहेरनं नाव सांगाशिवाय बँक ते बंद करत नही. सुंदरबाई चालत नही म्हनतस. खातं उघाडाना अर्जमा तुम्ही काय लिखेल व्हतं?" घरात थोरली सून मंजुळाच होती, म्हणून लग्नातच आबांच्या बायकोची, मंजुळेची, सुंदरबाई झाली. जुनं नाव त्यांनी एकदाच, त्या अर्जात लिहिलं. तोंडानं कधीच घेतलं नाही. हाक मारायची तर नुसते खाकरत. तिला जाऊन वर्ष झालं होतं. "मंजुळा," ते पुटपुटले. "जोरमा सांगा, आयकू येत नही!" ते ओरडले, "मंजुळा! मंजुळा!" "आयकू उनं!" म्हणत लेकीनं फोन ठेवला. आबा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. आतून ओ आली, तर काय सांगायचं?