पेटीतली शेवटची जागा

खोक्यातून दोन मॉड्यूल निघाली. पेटीत जागा एकाचीच उरली होती.

भुवनेश्वरीनं दोन्ही उशीवर ठेवली आणि नवऱ्याकडं पाहिलं. शिवप्रसाद भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात दिवाळीपासून हलत नव्हता. डाव्याची बोटं वळायची, पण वायरीचं टोक छिद्रात दाबायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. मुरूमपासून उमरग्यापर्यंत वरातीत कीबोर्ड वाजवलेले हात. सोलापूरच्या डॉक्टरांनी भुवनेश्वरीला बाहेर बोलावून सांगितलं होतं, हे पुढं वाढत जाणार. तिनं ते त्याच दिवशी त्याला सांगून टाकलं.

कीबोर्ड सुटल्यावर त्यानं ही सिंथेसायझरची पेटी जमवली, विजेवर सूर काढणाऱ्या सुट्या मॉड्यूलांची. एक मॉड्यूल सूर काढायचं, एक त्या सुराला मऊ-कडक करायचं, एक तेच चार सूर फिरवत ठेवायचं. आता हवं होतं ते स्वतः आवाज न करता दुसऱ्याचा आवाज हलवणारं. बटण फिरवायला हात लागतो, ते काम आतून विजेनं करणारं. कुठलं घ्यावं ठरेना, म्हणून बँडमधला जुना मित्र रणधीर यानं पुण्याहून आपल्याकडची दोन पाठवली होती. एक ठेव, दुसरं परत कर.

"आधी डावं लाव," तो म्हणाला. "लाल वायर वरच्या छिद्रात. हां."

चार सूर सुरू झाले. सूर सावकाश फुलायचा, सावकाश ओसरायचा, पुन्हा तसाच फुलायचा. भुवनेश्वरी मान हलवत ऐकत राहिली.

"हे ठेवू," ती म्हणाली. "चुकत न्हाय."

"दुसरं लाव."

तिनं वायर काढून दुसऱ्यात खोचली. आता सूर कधी उशिरा वळायचा, कधी अर्ध्यातच सोडून द्यायचा. एकदा इतका वर गेला की तिनं कपाळाला आठी घातली.

"ह्याचा काही नेम न्हाय."

"म्या तरी कुठं रोज एकसारखं वाजवलं?"

"तसं न्हाय हो. उद्या तुम्हाला सांगता आलं न्हाय, तर ह्याला म्या कसं आवरू? त्या पहिल्याचं एकदा लावून ठेवलं की झालं."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते. पुढं बोलणंही जाईल, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या दिवसानंतर घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं. शिवप्रसादला राग आला नाही.

"बरोबर हाय तुझं," तो म्हणाला. "पहिलंच बसव."

तिनं पेचकस उचलला. दुसरं मॉड्यूल अजून चालूच होतं. सूर एकदा थबकला, दम घेतल्यासारखा, आणि मग हळूच खाली घसरला.

खालून, स्वयंपाकघरातून, भांड्यांचा आवाज थांबला.

"शिवू?" त्याची आई इरम्मा विचारत होती. "तूच वाजवायलास का रे?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आईला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की मानेतली नस दबलीय, औषधानं सुटंल. त्या भरवशावर ती दर सोमवारी येडशीला रामलिंगाला जाऊन यायची आणि त्याच्या मनगटाला विभूती लावायची.

"लई दिसानं ऐकलं," इरम्मा म्हणाली. "असाच लांबवायचास बघ तू. हात आला का रे तुझा?"

शिवप्रसादनं डोळे मिटले. "बंद कर," तो पुटपुटला. "म्हातारीला फसवू नको."

भुवनेश्वरीनं बंद केलं नाही. पहिलं मॉड्यूल उचललं, कागदात गुंडाळलं, रणधीरच्या खोक्यात घातलं आणि खोक्याची झाकणं मिटली. पेटीतल्या मोकळ्या जागेत दुसरं बसवून तिनं पेच आवळले. सूर चालूच होते.

"व्हय अव्वा," ती मोठ्यानं म्हणाली. "तेच वाजवायलेत."

"थांब, म्या येते वर. बघू तरी दे."

लोखंडी जिन्यावर इरम्माच्या पायांचा आवाज येऊ लागला. गुडघे दुखत असल्यानं ती प्रत्येक पायरीला थांबत होती.

"भुवना," तो म्हणाला, "हे बरं न्हाय."

भुवनेश्वरीनं त्याच्या मांडीवरचा उजवा हात दोन्ही हातांनी उचलून पेटीवर ठेवला आणि एकेक बोट वाकवून बटणाभोवती बसवलं.