जगातलं एकमेव नाणं

राहतं घर विकून त्याने आपल्याच गावच्या जुन्या टांकसाळीतलं ते चांदीचं नाणं घेतलं होतं. "घरं काय, पैशाला पासरी मिळतील. हे जगात एकच आहे," अशी तेव्हा बायकोची समजूत घातली होती. आज तिच्याच ऑपरेशनसाठी त्याने ते पारख्यासमोर ठेवलं.

पारख्याने भिंग उचललंच नाही, नाणं सरळ काट्यावर टाकलं. "आता नुसत्या चांदीचा भाव मिळेल, काका. तुमच्या गावात एका घराचा पाया खणताना अशीच पाचशे नाणी सापडलीत."

"थट्टा करू नका हो. तिला उद्या सकाळी आत घेणार आहेत."

पारख्याने मोबाइल पुढे केला. फोटोत खड्डा होता, नाण्यांनी भरलेला हंडा होता.

मागच्या अर्धवट पाडलेल्या भिंतीवर अजून त्याच्याच नावाची पाटी होती.