अलीकडचा काठ

“तराफा ओढायचा दोर कुजलाय साहेब. मधेच तुटला, तर तुम्ही, तुमचा घोडा आणि तुमचा कायदा, तिघेही वाहत थेट समुद्रात,” जेथ्रो नावाडी म्हणाला.

न्यायमूर्ती ब्रॅकेट नदीपलीकडच्या गावाकडे बघत राहिले. कोर्टाचं छप्परसुद्धा दिसत होतं.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून फिलाडेल्फियात लोक त्यांना पाहून टोप्या काढत. पण देश नवा, कोर्ट नवं, आणि वर्षातले आठ महिने न्यायाधीशांनी घोड्यावरून गावोगाव फिरून खटले चालवायचे, असा नियम. सत्तरीला टेकलेल्या माणसाच्या कंबरेचा पार चुरा झाला होता. आता घोडं पेंड खात होतं ते एका दोरापाशी.

तीन दिवसांत ते पोचले नाहीत, तर कोर्ट उठणार ते थेट जूनमध्ये भरणार. पलीकडच्या तुरुंगात एनोक नावाचा तरुण डाकस्वार होता. आरोप डाक लुटल्याचा, शिक्षा एकच, फाशी. खऱ्या चोराने मात्र मागच्याच मुक्कामी ब्रॅकेटांसमोर शपथेवर कबुली दिली होती. तो कागद त्यांच्या खोगिराच्या पिशवीत होता. सोबत तुरुंगाधिकाऱ्याची चिठ्ठी: पोराला ताप चढलाय, हिवाळा काढणार नाही, लवकर या.

“नवा दोर?”

“मागवलाय. येईल.”

“जवळपास पूलबिल?”

“होता वरच्या अंगाला. गेला वाहून.”

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. दोर तेवढा कुजलेलाच राहिला. जेथ्रोची बायको केझाया मक्याची भाकरी आणि खारवलेलं मांस वाढत होती. आग्रह तर असा की कुणी जावयालाही करणार नाही.

“चार्ल्स्टनला तिघांना लटकवलंत म्हणे?” जेथ्रोने विचारलं.

“मी नाही. कायद्याने.”

“आणि हा पलीकडचा डाकवाला? त्याचं काय करणार?”

ब्रॅकेटांना सांगावंसं फार वाटलं. पण कोर्टाबाहेर खटल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे व्रत त्यांनी तीस वर्षं पाळलं होतं. सख्ख्या बायकोपाशीही कधी मोडलं नव्हतं.

“ते कोर्टात कळेल. तू मला पोचव म्हणजे झालं.”

केझाया ताटं उचलून आत गेली.

तिसऱ्या दिवशी न्यायमूर्ती गयावया करू लागले. “बाबा रे, लिहून देतो. बुडालो तर दोष माझा.”

“तुमचं लिहिलेलं मासे वाचणार होय?”

त्यांनी घोडा पाण्यात घातला. तो पोटापर्यंतच्या पाण्यातून माघारी फिरला. मग ते ओल्या कपड्यांनी ओंडक्यावर बसले. अख्ख्या देशाला न्याय देणारा माणूस, आणि दोनशे हात पाणी त्याच्याने ओलांडवेना. त्यांना रडू आलं, आणि ते रडलेही.

सूर्य बुडाला. पलीकडून कोर्ट उठल्याची घंटा ऐकू आली.

जेथ्रोने तराफा पाण्यात ढकलला. “चला साहेब, सोडतो.”

“आता? आणि दोर?”

“दोर धड आहे. पहिल्या दिवसापासून धड आहे. काय ती शिक्षा मला करा. जूनपर्यंत तरी आमचा एनोक जगेल.”